ताईची पिकअप आणि लोण्याचा चढ

मदत करायला म्हणून जो माणूस आपणहून गाडीतून खाली उतरतो, त्याच्यापासून गाडीला जपावं. त्या सकाळी लोण्याच्या चढाच्या पायथ्याशी असा एक माणूस हजर होता, आणि तो नेमका ताईचा सख्खा धाकटा भाऊ होता. धंद्याने पेंटर. दुकानांच्या पाट्या, शटरं, ट्रकच्या पाठी, फाटकांवरचे सिंह, जे सपाट दिसेल ते रंगवणारा. त्याला सगळे पेंटरच म्हणत. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव आता फक्त त्याच्या बायकोला आठवायचं, आणि तेही ती रागावली तरच.

"तू बस ताई, मी करतो," म्हणत त्याने पिकअपच्या मागच्या हौद्यातून उडी मारली.

करायचं होतं ते काही फार अवघड नव्हतं. ताईच्या पिकअपच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध तळहाताएवढी एकेक टोपी आहे. तिला हब म्हणतात. टोपीवर एक फिरकी. ती एका बाजूला फिरवली की चाक आतल्या दांड्याला, म्हणजे अ‍ॅक्सलला धरतं, दुसऱ्या बाजूला फिरवली की सोडून देतं. सपाट रस्त्यावर दोन्ही चाकं सोडलेली बरी, गाडी हलकी पळते. चढ आला की खाली उतरून दोन्ही धरवायची, मग आत बसून फोर-व्हीलची छोटी दांडी ओढायची. एवढं केलं की मागची दोन आणि पुढची दोन, अशी चारही चाकं जोर लावतात आणि गाडी घोरपडीसारखी चढ चढते.

एरवी हे ताई स्वतःच करायची. उतरायचं, हात घालायचा, टक् झालं की दुसरं चाक, तिथे टक् झालं की परत सीटवर. बघायचीसुद्धा नाही, बाई भाजी निवडताना टीव्ही बघते तसं तिचं लक्ष भलतीकडेच असायचं. पण आज शेजारच्या सीटवर डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, त्या काही विचारत होत्या, आणि पेंटरच्या अंगात उत्साह मावत नव्हता. शिवाय त्या हबांवर त्याचा थोडा हक्कही होता. त्यांच्यावरची 'लॉक' आणि 'फ्री' ही अक्षरं झिजून जवळजवळ गेली होती. ती त्याने मागच्याच आठवड्यात पिवळ्याधमक रंगात, काळी कड देऊन नव्याने काढली होती. ताईने मागितली नव्हती. म्हणून तर ती भेट.

"दोन्ही लॉक ना रे?" ताईने खिडकीतून मान काढून विचारलं.

"डोळे झाकून चल!" पेंटर म्हणाला.

ताई डोळे उघडे ठेवून निघाली, तरी व्हायचं ते झालंच. अर्धा चढसुद्धा झाला नसेल, तोच मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. पुढची दोन आपला काही संबंध नसल्यासारखी स्वस्थ. ताईने दांडीकडे बघितलं. ओढलेली होती. समोरचा हिरवा दिवा पेटलेला होता. म्हणजे कागदोपत्री फोर-व्हील लागलं होतं, आणि प्रत्यक्षात गाडी लोण्यावर ठेवलेल्या चमच्यासारखी हळूहळू मागे येत होती.

पेंटर मागून ढकलायला धावला. चाकांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. डोक्यापासून पायापर्यंत तो एकाच रंगात निघाला. पेंटरलोकांत याला पहिला हात म्हणतात.

"आता दुसरा हातपण मारून घेतोस का?" ताई ओरडली. "बाजूला हो, शहाण्या!"

तिने गाडी थोडी मागे घेतली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने गाडीला काहीतरी सांगितलं, ते काचेमुळे कुणाला ऐकू आलं नाही, आणि गाडीनेही ऐकलं नाही. शेवटी ताईने आरशात बघत गाडी सरळ पायथ्याशी उतरवली आणि इंजिन बंद केलं. त्या शांततेत डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "ताई, हे नेहमी होतं का?"

"नाही," ताई म्हणाली. "आजच सुचलंय तिला."

आता ही नामुष्की दुसऱ्या कुठल्याही दिवशी चालली असती, हे सांगायला हवं.

लोण्याच्या चढाला लोण्याचा म्हणतात, कारण वरच्या खडकातून एक झरा पाझरत असतो आणि खाली सगळी पांढरी चिकणमाती आहे. बारा महिने ओली. तिच्यावर बकऱ्यासुद्धा विचार करून पाय टाकतात. चढाच्या डोक्यावर एक वस्ती आहे. खाली गावात दवाखाना आहे. या दोहोंच्या मध्ये हा चढ असल्यामुळे वस्तीतल्या माणसांनी आजारी पडणं जवळजवळ सोडून दिलं होतं. निदान ते तसं सांगत. खरं म्हणजे ती दुखणं अंगावर काढत, आणि अगदीच झालं की कुणाला तरी खुर्चीत बसवून चौघे उचलून खाली आणत. खुर्चीतला माणूस सगळ्या वाटेने उचलणाऱ्यांची माफी मागत असे.

पायथ्याशी ती खुर्ची ताईच्या पिकअपमध्ये चढायची, म्हणून ताईने हे सगळं बघितलेलं होतं. तेव्हापासून तिने दवाखान्याच्या मागे टुमणं लावलं होतं, की डॉक्टरनेच वर यावं. आठवड्यातून एक दिवस. गाडी माझी. मोठे डॉक्टर हसायचे आणि म्हणायचे, "ताई, त्या चढावर गाडी जाते तरी का?" ताई म्हणायची, "माझी जाते." मोठे डॉक्टर पुन्हा हसायचे.

मग या नव्या डॉक्टरीणबाई आल्या. शरीराने किरकोळ, पण बोलणं थेट. त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडून शब्द मिळवला. त्यांचा मंगळवार मोकळा होता. आज त्या पिकअपमधून दुपारपर्यंत वर पोचल्या, तर तो मंगळवार कायमचा वस्तीचा. नाही पोचल्या, तर तो नदीपलीकडच्या कारखान्याला द्यायचा. कारखान्याकडे डांबरी रस्ता होता आणि त्यांचा माणूस रोज फोन करत होता.

म्हणजे ताईने जे इतकी वर्षं मागितलं, ते आज दारात येऊन उभं होतं, आणि दाराची कडीच निघत नव्हती.

ताई ड्रायव्हर झाली तीसुद्धा ठरवून नव्हे. पिकअप घेतली तिच्या नवऱ्याने. पेंटरचे हे भावोजी म्हणजे अत्यंत अभ्यासू माणूस. गाडी घेण्याआधी त्यांनी तिचं माहितीपुस्तक पाठ केलं. कुठला पेच किती आवळायचा हे त्यांना तोंडपाठ होतं. फक्त एक गोष्ट त्या पुस्तकात नव्हती, ती म्हणजे भावोजींना गाडी लागते. सपाट रस्त्यावर थोडी आणि वळणावर भरपूर. पहिल्याच फेरीत कुणाचं तरी कपाट घेऊन ते टेकडीच्या तिसऱ्या वळणापर्यंत गेले, तिथे गाडी बाजूला लावली, आणि कठड्याला धरून बराच वेळ निसर्ग बघत उभे राहिले. मागे कपाट सांभाळायला ताई बसली होती. ती उतरली, त्यांना पाणी दिलं, मागे हौद्यात कपाटाला टेकवून बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. तोवर तिने फक्त घराच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी पुढेमागे केली होती. "कपाट तर पोचवायला हवं ना," एवढंच ती नंतर म्हणाली.

कपाट पोचलं. भावोजीही पोचले. त्या दिवसापासून गाडी ताईची आणि घर भावोजींचं, अशी वाटणी झाली. भावोजी स्वयंपाक करतात, फोन घेतात, कुणाचं काय कुठे न्यायचं ते ठरवतात, आणि संध्याकाळी ताई परत आली की उंबऱ्यात उभे राहून गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकतात. डॉक्टर छातीला नळी लावतात तसे. मुली म्हणतात, बाबा आईपेक्षा गाडीची चौकशी आधी करतात. ताई म्हणते, "करू देत. गाडी उलट उत्तर देत नाही."

तिच्या गाडीत काय काय बसून गेलंय त्याला सुमार नाही. वाळू, गाद्या, बकऱ्या, एका शाळेचे सगळे बाक, रुसून माहेरी निघालेली एक सून आणि अर्ध्या वाटेत तिला समजवायला चढलेली तिची सासू. त्या दोघींना ताईने भांडण मिटेपर्यंत गावाभोवती फिरवलं होतं. भाडं थांबलं की ती विणकाम काढते. गाडीच्या गिअरच्या गोळ्यावर तिने विणलेली लाल टोपी आहे, हिवाळ्यात तो हाताला गार लागतो म्हणून. हॉर्न ती सहसा वाजवत नाही. समोर कुणी आडवं आलं की थांबते आणि त्या माणसाकडे बघत राहते. हॉर्नपेक्षा ते लवकर लागू पडतं.

तर अशी ही ताई पायथ्याशी उतरली आणि तिने पदर कमरेला खोचला.

पायथ्याशी मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. चढाने गाड्या खराब करायच्या आणि मिस्त्रीने त्या दुरुस्त करायच्या, असं दोघांचं वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने चाललं होतं. मिस्त्री कामाला पक्का, पण त्याला गोष्टी खोलायची फार हौस. कुलूप अडलं म्हणून नेलं तर तो दार खोलून ठेवायचा. तो हात पुसत आला, गाडीभोवती फिरला, एकदा वाकला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरला.

"ताई, गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

"का?"

"फोर-व्हील लागत नाही म्हणता ना? मग आत काहीतरी मोडलं असणार. खोलल्याशिवाय कळायचं नाही."

"खोलून परत लावायला किती वेळ?"

"खोलायला दुपार," मिस्त्री म्हणाला. लावायचं त्याने काहीच सांगितलं नाही.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. भावोजी. ताईने फोन बॉनेटवर ठेवला आणि स्पीकर लावला.

"पोचलात का वर?"

"नाही. फोर-व्हील लागत नाही."

"दिवा?"

"लागतोय."

"दांडी ओढल्यावर आवाज?"

"टक् झाला. नेहमीसारखा."

"मग गिअरबॉक्सला कुणाला हात लावू देऊ नकोस," भावोजी म्हणाले, आणि मिस्त्रीचा चेहरा पडला. "आतली जोडणी झालीय. जोर पुढे निघालाय. कुठल्या ठिकाणी असताना हे झालं? चढावर का? किती वर? म्हणजे तिथून खाली बघितलं तर..." पुढे आवाज क्षीण झाला. "थांब, मी जरा बसतो."

"बसा तुम्ही. मी बघते," म्हणून ताईने फोन ठेवला.

ती गाडीकडे बघत उभी राहिली. पेंटर मागे अंगावरचा चिखल खरवडत होता. डॉक्टरीणबाई शेडच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी घड्याळात बघितलं नाही, पण बघायचं टाळलं हे सगळ्यांना कळलं.

"जोर तर घरातून निघालाय," ताई आपल्याशीच म्हणाली, "पण चाकापर्यंत आलेला नाही. मग वाटेत कुठे उतरला?"

"मधल्या स्टँडवर," पेंटर म्हणाला. कुणी हसलं नाही.

"मिस्त्री, जॅक आणा. टोकाकडून बघू. चाकापासून आत जाऊ, गिअरबॉक्सपासून बाहेर यायला नको."

मिस्त्रीने जॅक आणला. डावं पुढचं चाक उचललं. ताई गाडीखाली आडवी झाली, बॅटरी लावली, आणि पेंटरला चाक फिरवायला सांगितलं. त्याने चाक फिरवलं. चाकाबरोबर आतला अ‍ॅक्सलचा दांडाही फिरला.

"हे बरोबर. धरलंय त्याने. आता उजवं."

उजवं चाक उचललं. पेंटरने एक झटका दिला. चाक भिंगरीसारखं फिरायला लागलं. थांबेचना.

"अरे, हळू! कशाला एवढा जोर लावतोस?"

"मी जोर नाही लावला ताई. तेच हलकं आहे."

ताईने गाडीखाली बॅटरी दांड्यावर धरली. मग ताईचा आवाज आला. "चाक फिरतंय. दांडा ढिम्म."

ती सरपटत बाहेर आली. तिच्या गालावर ग्रीसचा पट्टा उमटला होता. "उजव्या चाकाने अ‍ॅक्सल धरलेलाच नाही. पुढचा सगळा जोर या बाजूने वाया जातोय. बादलीला एका बाजूला भोक असल्यावर दुसऱ्या बाजूने कितीही भरा."

मिस्त्री हबाजवळ वाकला. फिरकीचा बाण बघितला. पिवळ्याधमक, काळ्या कडेच्या 'लॉक'वर तो अगदी काट्यावर काटा होता.

"लॉकवर तर आहे," तो म्हणाला. "लॉकवर असून धरत नाही म्हणजे आतले दात झिजले. हब गेला ताई." त्याने मान हलवली, पण त्याच्या आवाजात जरा जीव परत आला होता. "नवा शहरातून मागवावा लागेल. उद्या संध्याकाळपर्यंत आला तर नशीब."

डॉक्टरीणबाई बाकावरून उठल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ताई, मला वाटतं मी मोठ्या डॉक्टरांना फोन करून सांगते. खोटी आशा नको. पुढच्या वर्षी पुन्हा विचारू आपण."

 ताईने पदराने गाल पुसला, त्यामुळे ग्रीस दुसऱ्या गालावरही गेलं. पेंटर तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी शाळेच्या शर्यतीत ही एकदा ओढ्याच्या कडेला पडली होती, तेव्हाही अशीच उभी राहिली होती. न रडता. तेव्हा त्याने तिला स्वतःची गोटी दिली होती. आता देण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं, म्हणून निदान हबावरचा चिखल तरी पुसावा असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर आपली अक्षरं चिखलात बघवत नाहीत, हेही होतं.

त्याने फडक्याने उजव्या बाजूचं 'लॉक' पुसलं. चकाकलं. मग डाव्या बाजूला जाऊन तिथलंही पुसलं. तेही चकाकलं. गाडीच्या पुढून चकरा मारत त्याने दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं, आणि क्षणभर त्याला समाधान वाटलं. दोन्ही बाजू आरशात बघितल्यासारख्या. डाव्या हबावर 'लॉक' फिरकीच्या उजवीकडे, उजव्या हबावर डावीकडे. फाटकावर सिंह काढायचे असोत की दुकानाच्या शटरवर मोर, पेंटरचा नियम एकच. दोघांची तोंडं एकमेकांच्या समोर हवीत. एक जरी उलटा बसला तरी गिऱ्हाईक म्हणतं, काहीतरी चुकतंय.

आणि इथे त्याच्या हाताला काहीतरी आठवलं.

सकाळी डावी फिरकी त्याने फिरवली होती ती बरणीचं झाकण घट्ट लावतो तशी. उजवीला हातच लावावा लागला नव्हता, तिचा बाण आधीच 'लॉक'वर होता, जरी ताई सपाट रस्त्यावर दोन्ही सोडून ठेवते. डाव्या हबावर जुनी अक्षरं पुसट का होईना दिसत होती, ती त्याने जशीच्या तशी गिरवली. उजव्यावर काहीच दिसत नव्हतं. तिथे त्याने डाव्याकडे बघून, सिंहांच्या हिशोबाने, शोभेल तसं काढलं होतं.

पेंटरने फडकं खिशात कोंबलं. आधी वाटलं, गप्प बसावं. हब गेला म्हणतोय मिस्त्री, तर गेला. मिस्त्रीला काय कमी कळतं? नवा हब आला की त्याच्यावर कंपनीचीच अक्षरं असतील. कुणाला पत्ता लागणार नाही. समोर डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून फोन काढला होता आणि त्या नंबर शोधत होत्या.

"ताई," तो म्हणाला. "हबांवरची अक्षरं मी काढलीत."

"माहितीय. दोन दिवसांपूर्वीच बघितली. छान आहेत."

"छान आहेतच," पेंटर म्हणाला. कारण काहीही झालं तरी ते खरं होतं. "पण उजवीकडची उलटी आहेत."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. डॉक्टरीणबाईंचा अंगठा फोनवर तसाच राहिला.

"उलटी म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे 'लॉक'च्या जागी 'फ्री' आहे. आणि 'फ्री'च्या जागी 'लॉक'. शोभेसाठी."

"शोभेसाठी?"

"दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून."

ताई उजव्या चाकापाशी गेली. तिने अक्षरांकडे बघितलंही नाही. तोंड दुसरीकडे करून तिने फिरकीवर हात ठेवला आणि झाकण घट्ट लावतात तशी फिरवली.

टक्.

मिस्त्रीने आडवं होऊन बॅटरी लावली. ताईने चाक फिरवलं. "फिरला!" गाडीखालून मिस्त्री ओरडला. "दांडा फिरला!" हबाचे दात शाबूत निघाल्याचं दुःख तेवढ्यापुरतं तो विसरला होता.

आता ताई आपल्याला काय म्हणते, म्हणून पेंटर मान खाली घालून उभा होता. ताई जॅकच्या शेजारी खाली बसली आणि हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग डोळे पुसत, आणि त्या भानगडीत ग्रीस कपाळावरही गेलं.

"माझंपण बघ ना," ती म्हणाली. "इतकी वर्षं न बघता फिरवत होते. आज मोठी तुला वाचून फिरवायला दिली."

"ताई, मी लगेच पुसून नीट करतो—"

"तू कशालाही हात लावू नकोस! मिस्त्री, तुम्ही पुसा."

मिस्त्रीला काहीच खोलायला मिळालं नव्हतं. त्याने पेट्रोलचं फडकं घेऊन उजवी अक्षरं इतकी मन लावून पुसली, की खालचा मूळ रंगही थोडा निघाला.

"डॉक्टर, फोन ठेवा आत," ताई दार उघडत म्हणाली. "बसा. आणि वरच्या दांडीला धरा."

पेंटर हौद्यात चढला. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं, पण उतरही म्हटलं नव्हतं. गाडी निघाली. या वेळी ताईने जोर केला नाही. खालच्या गिअरमध्ये, इंजिनाला ओरडू न देता, तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन उठावं तशी ती गाडी घेऊन चढावर आली. मघाशी जिथे चाकं गरगरली होती तिथे दोन खोल चर पडले होते. तिने गाडी चरांच्या बाहेरून, किंचित तिरकी घातली. मागचं एक चाक घसरलं. पेंटरने डोळे मिटले. तेवढ्यात पुढची दोन चाकं मातीत रुतून घट्ट बसली आणि त्यांनी गाडी ओढून घेतली. लहान भावंडाला मोठ्यांनी ओढ्यातून हाताला धरून वर घ्यावं, अगदी तशी. आतून ताईचा आवाज येत होता. "चल माझे बाई. चल. बघतेस काय, चल." मध्येच एकदा डॉक्टरीणबाईंचाही आवाज आला. त्यासुद्धा "चल, चल" म्हणत होत्या.

झऱ्यापाशी गाडी क्षणभर जागच्या जागी थरथरली. ताईने पाय जराही वाढवला नाही. नुसती वाट बघितली. मग गाडी पुढे सरकली, आणि समोर एकदम आकाश आलं.

वस्ती म्हणजे पंचवीसेक घरं, एक पाण्याची टाकी आणि टाकीला टेकून बसलेली माणसं. गाडी वर आलेली बघून ती उठली, पण जवळ आली नाहीत. ही गाडी कुणाला तरी खाली न्यायलाच आली असणार, असं त्यांना वाटलं असावं. डॉक्टरीणबाई उतरल्या, गळ्यात नळी अडकवली आणि विचारलं, "कुणाला दाखवायचंय?"

सगळे एकमेकांना पुढे ढकलायला लागले. शेवटी काठी टेकत एक म्हातारी पुढे आली. ही ताईच्या गाडीत एकदा खुर्चीसकट बसली होती.

"मला काही होत नाहीये," ती म्हणाली. "पण तुम्ही एवढ्या लांब आलात, तर गुडघा बघून घ्या. तुमची फेरी वाया नको जायला."

डॉक्टरीणबाईंनी तिला हौद्याच्या फळीवर बसवून गुडघा बघितला. मग म्हातारीच्या मागे एक बाई कडेवरचं मूल घेऊन आली, तिच्यामागे खोकणारा एक माणूस आला, आणि मग बघता बघता टाकीपासून पिकअपपर्यंत रांग लागली. रांगेत आपण सगळ्यात कमी आजारी आहोत हे प्रत्येकजण पुढच्याला पटवून देत होता. पेंटरला कुणीतरी तोंड धुवायला पाणी दिलं. त्याचा चेहरा दिसायला लागल्यावर दोघातिघांनी त्याला ओळखलं आणि टाकीवर काहीतरी छान रंगवून द्याल का, असं विचारलं. तो 'हो' म्हणणार होता, पण ताई बघते आहे हे बघून "विचार करून सांगतो" म्हणाला.

फोनला रेंज फक्त टाकीच्या शिडीवर येत होती. रांग संपल्यावर डॉक्टरीणबाई शिडीवर चढल्या आणि मोठ्या डॉक्टरांशी बोलल्या. खाली सगळे माना वर करून ऐकत होते. "हो सर, वरून बोलतेय. नाही, वर म्हणजे वस्तीवरून. हो, गाडीनेच. नाही सर, चढावर उतरावं नाही लागलं." मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. मग खाली ताईकडे बघून त्यांनी मान हलवली. होकाराची.

म्हातारीने विचारलं, "काय म्हणतात?"

"दर मंगळवारी येणार आता," ताई म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, पण तिने विणकामाची पिशवी काढली, आणि उगाचच परत ठेवली.

त्यानंतर ताईने भावोजींना फोन केला. पोचलो, एवढंच सांगितलं. पलीकडून भावोजींनी पहिल्यांदा इंजिन तापलं होतं का ते विचारलं, आणि मग बराच वेळ काहीच विचारलं नाही. ताई फोन कानाला धरून तशीच उभी राहिली. पेंटरने तोंड फिरवलं. नवराबायकोच्या गप्प बसण्यात पडू नये, एवढं त्यालाही कळत होतं.

परतायची वेळ झाली. डॉक्टरीणबाई आत बसल्या. खाली तो पांढरा चढ उन्हात ओलाचिंब चकाकत होता. वरून तो जरा जास्तच उभा दिसत होता. पेंटरने हौद्याची कड घट्ट धरली. आनंद झाला की त्याला काळजी वाटायची, तशी आता वाटायला लागली. आजचं निभावलं. पण दर मंगळवार म्हणजे फार झाले. कधी माती जास्त ओली असेल, कधी टायर झिजलेले असतील, कधी खरोखरच हब जाईल. त्याने मागच्या छोट्या खिडकीची काच सरकवली आणि डोकं आत घातलं.

"ताई, पण एखाद्या मंगळवारी गाडी नाहीच चढली तर गं?"

ताईने गिअर टाकला.

"मग बुधवारी चढेल."